खुलासा : खांद्याच्या सोनोग्राफीतला ‘पांढरा स्नायू’
सांगली-मिरजेच्या तालमींच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय : ‘खांद्याच्या सोनोग्राफीत स्नायू जितका पांढरा, तितका दमदार.’ प्रत्यक्षात उलट आहे. निरोगी स्नायू काळपट दिसतो, आत बारीक पांढऱ्या रेघा असतात. कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, तुटून बरेच महिने गेले की स्नायू सुकतो, त्यात चरबी शिरते आणि तो उजळ दिसू लागतो. सोनोग्राफी करताना मी सुप्रास्पायनेटस (हात वर उचलायला मदत करणारा खांद्याचा स्नायू) त्याच्यावरच्या ट्रॅपेझियसशी (मान-पाठीच्या मोठ्या स्नायूशी) ताडून बघते, ते यासाठीच. मशीनचा गेन (चित्र उजळ करणारी सेटिंग) वाढवला, प्रोब (खांद्यावर फिरवतात तो भाग) कलला, तरी उजळपणा बदलतो. म्हणून नुसत्या फोटोवरून निदान नकोच. हा मेसेज वाचून एखादा पोरगा दुखऱ्या खांद्यानं जोर मारत राहील, याची मला फार काळजी वाटते. कृपया तो पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.