गाडी तापली की बोंब गॅस किटच्याच नावाने!

आज गॅरेजमध्ये डोकं फिरलं. एलपीजीवरची एक टॅक्सी तापून आलेली. मेकॅनिकने थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप, काढला, कोपऱ्यात भिरकावला आणि म्हणाला, "आता तापणार नाही. रिड्यूसर पण गेलाय, बदलून टाका." रिड्यूसर म्हणजे गॅस किटमधला, गॅसची वाफ करून इंजिनला देणारा भाग. पण इंजिन थंड ठेवणारं पाणी, म्हणजे कूलंट, किती उरलंय ते पाहिलंसुद्धा नाही! मी बोललो, तर म्हणे तुम्हाला काय कळतं.

कळतं मला. दादाच्या गाडीत हेच झालं होतं. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात आणि रिड्यूसरवर चक्क हिमाचा थर. तेव्हाही निदान हेच, "किट गेलं." अहो, टाकीतून येणारा गॅस द्रवरूप असतो. त्याची वाफ करायला उष्णता लागते आणि रिड्यूसरला ती इंजिनच्या गरम कूलंटकडून मिळते. कूलंट कमी झालं किंवा लाइनमध्ये हवा अडकली, की इकडे इंजिन उकळतं आणि तिकडे रिड्यूसर गोठतो. दोन्हीचं मूळ एकच! दादाने नवा रिड्यूसर बसवून घेतला आणि पुढच्याच मोठ्या चढावर काटा पुन्हा लाल.

थर्मोस्टॅट काढणाऱ्यांचा तर विशेष राग येतो. तो काढला की इंजिन गरम व्हायलाच वेळ लागतो, थंडीत रिड्यूसरला ऊब मिळत नाही आणि गळती असेल तर ती तशीच राहते.

बरं, रिड्यूसरमधला डायफ्राम, म्हणजे आतला पातळ पडदा, रबराचा असतो, फार तापला तर कडक होतो आणि कधीकधी खरंच बदलावा लागतो. मान्य. पण आधी गाडी का तापली ते तर शोधा!

दादाची गाडी शेवटी एका वयस्कर मिस्त्रींनी हातात घेतली. काय शांत माणूस! इंजिन पूर्ण गार होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला कुणाला हात लावू दिला नाही. रिड्यूसरकडे जाणाऱ्या होजचा क्लॅम्प ढिला निघाला, तिथून कूलंट झिरपत होतं. शिवाय रिड्यूसर रेडिएटरच्या वरच्या पातळीपेक्षा उंच बसवलेला, म्हणजे हवा तिथेच अडकणार. त्यांनी तो खाली घेतला, कूलंट भरलं, इंजिन चालू ठेवून हवा काढली. मग रिड्यूसरच्या दोन्ही होज चाचपल्या. दोन्ही गरम लागल्यावरच मान हलवली. गॅसच्या प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून गळतीही तपासली. लायटर पेटवून गळती बघणारे महाभाग आहेत, त्यांच्याबद्दल न बोललेलंच बरं. हा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचून राहतो.

आणि दादाचा जुना रिड्यूसर? मिस्त्रींनी तो आमच्यासमोर उघडला. डायफ्राम मऊसूत, कुठे चीर नाही की काही नाही. चांगला पार्ट भंगारात निघाला होता!

म्हणून सांगतो, काढलेला पार्ट तुमच्यासमोर उघडून दाखवायला सांगा. काय बिघडलंय ते बोट ठेवून दाखवता आलं नाही, तर गाडी तिथून बाहेर काढा.