मुलगा झाला म्हणून ठरलेलं नाव बदलायचं?

भावाच्या बाळाच्या नावावरून आमच्या नातेवाइकांत बारशाच्या आधीपासून जे चाललंय, त्यावर मला जरा सविस्तर लिहायचंय. मी बाळाची आत्या आहे आणि नाव ठेवण्याचा मान आपल्याकडे आत्याचाच असतो, तेव्हा एवढा हक्क मला आहे.

भाऊ आणि वहिनीने नाव सातव्या महिन्यातच पक्कं केलं होतं: बकुळ. मुलगा झाला तरी बकुळ, मुलगी झाली तरी बकुळ. पोटात मुलगा आहे की मुलगी हे आपल्याकडे आधी विचारता येत नाही, आणि येऊच नये. महाराष्ट्राने त्यासाठी १९८८ मध्ये, देशात सगळ्यांच्या आधी कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तेव्हा बाळ यायच्या आत नाव ठरवायचं तर एक मुलाचं, एक मुलीचं अशी जोडी तयार ठेवायची, नाहीतर दोघांनाही शोभेल असं एकच शोधायचं. या दोघांनी एकच शोधलं. डोहाळजेवणाला वहिनीने ते सगळ्यांना सांगितलं, तेव्हा एकानेही नाक मुरडलं नाही. जुन्या वळणाचं तरी कुठे न ऐकलेलं, हाक मारायला सोपं, असं सगळं कौतुक झालं.

मग मुलगा झाला. आणि दुसऱ्याच दिवशी, वहिनी अजून दवाखान्यात असताना, "बरं, आता नाव शोधायला घ्या" सुरू झालं.

माझं सगळं म्हणणं या दोन दिवसांतल्या फरकाबद्दल आहे. नाव तेच, आईबाप तेच, कौतुक करणारी माणसंही तीच. मुलगी झाली असती तर कुणी ब्र काढला नसता. म्हणजे नाव वेगळं आहे याचा कुणाला त्रास नाही, त्यावरून मुलगा की मुलगी कळत नाही याचाही नाही. त्रास एवढाच आहे की ऐकणाऱ्याला क्षणभर आपला मुलगा मुलगी वाटेल. आणि मुलगी वाटणं हा आपल्या लोकांना अजूनही कमीपणा वाटतो.

"फुलाचं नाव कुणी मुलाला ठेवतं का?" असं मोठे काका म्हणाले. ठेवतात की! शिरीष हे फुलच आहे. प्राजक्त आहे, पारिजात आहे. कमळाचं तर बघा: पंकज, राजीव, अरविंद, नीरज हे सगळे कमळाचेच शब्द आणि सगळे पुरुष. सरोज, नलिनी, पद्मा हेही कमळच, आणि या सगळ्या बायका. साधं 'कमल' आपल्याकडे आजीचं नाव असतं, आणि तमिळनाडूत कमल हासन. फुलाने काहीच ठरवलेलं नाही. कुठलं नाव कुणाचं हे आपल्या कानाला पडलेल्या सवयीने ठरतं, आणि ही सवय दर शंभर कोसांवर बदलते. स्नेहल आपल्याकडे मुलगी, गुजरातेत स्नेहलभाई. ज्योती नावाच्या तुमच्या वर्गात दोन-तीन मुली असतील. बंगालमध्ये ज्योती बसू १९७७ पासून २००० पर्यंत मुख्यमंत्री होते. पंजाबात तर बहुतेक नावं दोघांची. भारताच्या पुरुष हॉकी संघाने पॅरिसला ब्राँझ मिळवलं तेव्हा कर्णधार हरमनप्रीत सिंग, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत महिलांचा क्रिकेट विश्वचषक उचलला तो हरमनप्रीत कौरने.

आणि लांब तरी कशाला जायचं? गाणं ऐकणाऱ्याला माणिक म्हटलं की माणिक वर्मा आठवतात, कविता वाचणाऱ्याला माणिक गोडघाटे, म्हणजे कवी ग्रेस. दया डोंगरे अभिनेत्री, दया पवार आपल्या दलित साहित्यातलं मोठं नाव. रंगभूमीवर सुहास जोशी, राज्यशास्त्रात सुहास पळशीकर. किरण बेदी आणि किरण मोरे. या माणसांची नावं दोन्हीकडची होती म्हणून मराठी माणसाने त्यांना कधी कमी लेखलंय असं मला तरी आठवत नाही. आपण त्यांची नावं घेताना थबकतही नाही.

त्याच्याही मागे जा. गावोगाव नथू नावाची माणसं सापडतात. मुलगे जगत नसत तेव्हा नवस बोलून झालेल्या मुलाचं नाक टोचायचे, त्यात नथ घालायचे, मुलगी समजून का होईना काळाची नजर चुकावी म्हणून. त्याचं नाव नथू. ज्या पणजोबांच्या पिढीचा दाखला देऊन आज "आपल्यात असं चालत नाही" म्हणतात, त्या पिढीने मुलाला प्रत्यक्ष नथ घातली होती, कारण त्यांना तो जिवंत हवा होता. आणि वारीचं काय? विठ्ठलाला आपण विठाई म्हणतो, विठू माउली म्हणतो. ज्ञानेश्वर आपले ज्ञानोबा माउली. वारीच्या रस्त्यावर पुढच्या माणसाला वाट मागायची तरी "माउली" म्हणून, मग तो दाढीवाला बाप्या का असेना. आमचे काका अनेक वर्षं वारी करतात. त्यांचा मला खरोखर आदर आहे आणि म्हणूनच त्यांच्याकडून माझी अपेक्षा जास्त आहे.

एक गोष्ट तुमच्याही घरात घडत असेल, जरा लक्ष द्या. बाबा लाडात आले की लेकीला म्हणतात, "काय रे बाळा, दमलास का? जेवलास का?" आमचे बाबा मला अजून असंच विचारतात आणि मला ते फार आवडतं. पण कुठल्या घरात लाडाने मुलाला "काय गं, दमलीस का?" विचारतात? मुलाशी असं बोललंच तर ते चिडवण्यासाठी, तो रडत असला तर. मुलीला मुलासारखं वागवलं की तिची बढती, मुलाला मुलीसारखं म्हटलं की त्याचा अपमान. बकुळ या नावाचं भांडण नेमकं इथलं आहे, आणि म्हणून मला ते सोडून द्यावंसं वाटत नाही. त्या घरात उद्या एखादी मुलगी जन्मेल. तिच्या भावाचं नाव 'मुलीचं वाटतं' म्हणून बदललं होतं हे तिला कुणीतरी सांगेलच. तिने त्यातून स्वतःबद्दल काय समजायचं?

जर्मनीत एक प्रकरण झालं होतं ते मुद्दाम सांगते. तिथल्या एका जोडप्याने मुलीचं नाव किरण ठेवलं. होय, आपलंच किरण. नोंदणी कार्यालयाने अडवलं: यावरून मुलगा की मुलगी कळत नाही, जोडीला स्पष्टपणे मुलीचं असं आणखी एक नाव द्या. आईबाप हटले नाहीत. प्रकरण थेट कार्ल्सरूहच्या घटनात्मक न्यायालयात गेलं आणि ५ डिसेंबर २००८ रोजी न्यायालयाने सांगितलं की नावातून लिंग कळलंच पाहिजे असा नियम कायद्यात कुठेही नाही. पालकांच्या निवडीला आडकाठी करायची असेल तर त्या नावाने बाळाच्या हिताला बाधा येते असं दिसलं पाहिजे. तिथे लोकांना त्यासाठी एवढं लढावं लागलं. आपल्याकडे कुठलंही सरकारी कार्यालय नाव बायकी आहे म्हणून अडवत नाही. अडवतात ते घरचेच.

कागदपत्रांची भीती घालणाऱ्यांसाठी थोडक्यात. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, नाव तेव्हाच दिलं पाहिजे असं नाही. वर्षभरात ते विनाशुल्क घालता येतं, त्यापुढे विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. तेव्हा "दाखला अडेल, पटकन काहीतरी साधं लिहून टाका" या घाईत येऊ नका. शाळेचा फॉर्म असो की रेल्वेचं तिकीट, स्त्री-पुरुष हा रकाना वेगळा असतो. आणि आपली मराठी तर अशी की बाळाबद्दल दोन वाक्यं बोललात की आला-गेला, आली-गेली मधून सगळं उघड होतं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदावर आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं, मग आडनाव. यावरही एक जण म्हणाले, "बकुळ, त्याला लागून आईचं नाव, म्हणजे तर पक्की मुलगीच वाटणार!" वाटू दे. आईचं नाव शेजारी आलं म्हणून मुलाचं काही कमी होत असेल, तर तो निर्णय किती गरजेचा होता हेच कळतं.

राहता राहिला तो चिडवण्याचा प्रश्न. तो खरा आहे, मी तो उडवून लावणार नाही. मुलं चिडवतात. पण 'बायकी' हा शब्द शिवीसारखा वापरायचा असतो हे पाच वर्षांचं पोर कुठून शिकतं? आपल्याच दिवाणखान्यातून. नावाने मूल खरोखर कसं दुखावलं जातं हे बघायचं असेल तर साताऱ्याकडे बघा. तिथे मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून नकुशी, नकोशी नावं ठेवलेल्या २८५ मुलींना २०११ मध्ये जिल्हा प्रशासनाने कार्यक्रम घेऊन नवी नावं दिली. शाळेच्या हजेरीत रोज "तू नको होतीस" असं ऐकत त्या मोठ्या झाल्या होत्या. ते नाव आईबापांच्या निराशेतून आलं होतं. बकुळ हे नाव दोन माणसांनी बाळाची वाट बघताना आनंदाने निवडलं. या दोन्हींना 'मुलाला त्रास होईल' या एकाच मापाने कसं मोजता येईल?

याचा अर्थ कुठलंही नाव ठेवा असं मी म्हणत नाही. मोबाइलवरच्या यादीतून उचललेली, अर्थ म्हणून काहीही चिकटवलेली नावं मला आवडत नाहीत. आजीला नीट उच्चारता येत नाही आणि मुलाला स्वतःला त्याचा अर्थ सांगता येत नाही, असं नाव घेऊन काय करायचं? नाव घराच्या बोलीत बसलं पाहिजे, ओरडून हाक मारली तर गल्लीच्या टोकापर्यंत पोचलं पाहिजे. बकुळ या सगळ्यात बसतं. परप्रांतात ळ चा ल होईल आणि लोक बकुल म्हणतील, एवढंच.

बारशाच्या दिवशी काय झालं ते सांगते. डेकोरेशनवाल्याला फोनवर फक्त नाव सांगितलं होतं. तो सकाळी गुलाबी फुगे आणि गुलाबी पडदा घेऊन हजर! काका म्हणाले, "बघा, मी सांगत नव्हतो?" निळे मागवायला माणूस धाडायची तयारी झाली. वहिनी मांडीवर बाळ घेऊन बसली होती, तिथूनच तिने शांतपणे सांगितलं, "काका, राहू देत. छान दिसतंय." फुगे राहिले. मग पाळण्याभोवती "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" झालं, बाळ खालून-वरून फिरलं. मी कानाशी वाकले तेव्हा एका नातेवाईक बाईंनी माझा दंड धरून हळूच सुचवलं, "आत्ता कानात राशीचं सांग, बाकीचं मागाहून बघू." मी बाळाच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हटलं: बकुळ. पाठीत बुक्के पडले, ते जरा जोरातच पडले. मग घुगऱ्या वाटल्या.

तरी अजून काही जण नाव टाळतात. फोन केला की "बाळ्या कसा आहे?", "छोटू काय करतोय?" त्यांच्यापैकी बरेच जण इथे आहेत आणि हे वाचतील. सगळ्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही, पोराला सगळ्यात आधी झबली तुम्हीच आणलीत. पण त्याचं नाव ठरलंय, ठेवून झालंय, आणि आता दाखल्यावरही चढेल. पुढच्या वेळी फोन कराल तेव्हा बकुळ कसा आहे असं विचारा.

आणि ज्यांच्या घरात सुमन, विमल, शशी, मंगल, कांचन अशा नावाचे बाबा, मामा, आजोबा आहेत किंवा होते, त्यांनी ती नावं खाली जरूर लिहा. सगळी एकत्र करून मी काकांना वाचून दाखवणार आहे.