आहारतज्ज्ञाकडे जायची एवढी घाई कशाला?

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. जेवण तुम्हाला जन्मापासून येतं. तेव्हा काय खावं हे पैसे मोजून दुसऱ्याला विचारणं म्हणजे स्वतःच्याच घराचा पत्ता शेजाऱ्याला विचारण्यासारखं आहे. श्वासही जन्मापासून येतो, तरी दमा झाल्यावर आपण छातीच्या डॉक्टरकडे जातोच की, अशी आडवी शंका ज्यांना येते त्यांनी हा लेख इथेच सोडावा. त्यांचं काही होणार नाही.

बाकीच्यांसाठी थोडं मार्गदर्शन करतो. आहारतज्ज्ञाकडे जायची वेळ आली आहे हे ओळखूच येऊ नये, यासाठी काय करावं? या विषयात आमच्या घरात नुकतंच मोठं काम झालं आहे, त्यामुळे मी अधिकाराने बोलू शकतो.

काहीही न करता वजन उतरत असेल तर अभिनंदन स्वीकारत राहा. सहा महिने ते वर्षभरात पाच टक्के वजन आपोआप कमी झालं की डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या पडतात. सत्तर किलोच्या माणसाचे साडेतीन किलो. एवढ्याशाचं काय घेऊन बसायचं? चारचौघं "काय छान बारीक झालात हो!" म्हणतायत ना? थायरॉइड, मधुमेह, आतड्याचं दुखणं, नाहीतर त्याहून वाईट काही, हे शोधत हिंडण्यापेक्षा कपडे लहान करून घेणं सोपं.

हातापायांना मुंग्या येत असतील तर हातपाय झटका. मांस, अंडी, दूध यातलं काहीच पोटात जात नसेल, किंवा वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी चालू असेल, तर बी-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकतं. असेना! मज्जातंतू काय, शरीरात दोनच आहेत का?

महिन्यात दहा किलो उतरवणारं डाएट मिळालं तर सोडू नका. पहिल्या आठवड्यात काटा असा धावतो की बघत राहावं. त्यातलं बरंचसं पाणी असतं. यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीराची साठवणीतली साखर, संपलं की त्याने धरून ठेवलेलं पाणीही जातं. पण हे काट्याला कळत नाही, तुम्हीही कळून घेऊ नका. दोन-तीन महिन्यांनी केस मुठीमुठीने हातात येतील. तोवर डाएट विसरलेलं असतं, त्यामुळे दोष शाम्पूला देता येतो. पित्ताशयात खडे झाले तर मात्र शाम्पू कामाचा नाही, दुसरं काहीतरी शोधा.

पोट फुगतंय? गहू आजपासून बंद. तपासणी नंतर, निवांत. सिलिअ‍ॅक या, गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाने आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची रक्ततपासणी माणूस ग्लुटेन खात असतानाच खरं सांगते. आधीच सगळं बंद करून गेलात तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो, आणि नॉर्मल रिपोर्टचं सुख काय वर्णावं!

बाळाचा विचार असेल तर फॉलिक अ‍ॅसिडचं दिवस राहिल्याचं कळल्यावर बघू. गर्भाची मज्जानलिका, जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू घडतो, ती पहिल्या २८ दिवसांतच मिटून जाते, पण तिला घाई करायला सांगितलं कुणी?

थोडक्यात, धीर धरा. जेम्स लिंड नावाच्या नौदलाच्या डॉक्टरने १७४७ साली बोटीवर स्कर्व्ही, म्हणजे सी जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार, झालेल्या खलाशांना संत्री-लिंबं देऊन बरं करून दाखवलं. ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सरसकट द्यायला १७९५ साल उजाडू दिलं. अख्खं आरमार हिरड्यांतून रक्त गाळत इतकी वर्षं थांबू शकतं, आणि तुम्हाला एका अपॉइंटमेंटची घाई!

आता मुख्य मुद्दा. डॉक्टरांनी गोळ्यांच्या यादीखाली "आहारतज्ज्ञांना भेटणे" असं लिहिलं असेल, तर ती ओळ वाचायची नसते. ती कागद भरल्यासारखा दिसावा म्हणून असते.

आमच्या दादाच्या कागदावर ती होती. दादाचं मूत्रपिंड अलीकडे थोडं कमी काम करतं. रक्तदाबाची जी गोळी त्याला चालू आहे, ती त्याच्यासाठी योग्यच आहे, पण शरीरातलं पोटॅशियम थोडं वाढवते. म्हणूनच डॉक्टरांनी ती ओळ लिहिली होती. मी आठवण करून दिली की दादाचं उत्तर तयार: "जेवायला काय शिकवणी लावायची आता?" घरात सगळे हसले. वाक्य चांगलंच होतं.

आणि शिकवणी लावायची गरजही नव्हती, कारण फॅमिली ग्रुपवर आमचे एक काका आहेत. काकांचं वजन कशाने तरी उतरलं आणि तेव्हापासून ते आहारातले जाणकार झाले. त्यांच्याकडे एक तक्ता आहे. तोच तक्ता त्यांनी पोटुशी असलेल्या भाचीला पाठवला, तोच दहावीतल्या पुतण्याला, तोच इन्सुलिन घेणाऱ्या आत्याला आणि तोच दादाला. माणसं चार, शरीरं चार, आजार निरनिराळे, तक्ता एक. सकाळी पालेभाजीचा आणि केळ्याचा रस, मोठा पेला भरून. दुपारी डाळी दुप्पट. मधल्या वेळेला सुका मेवा. आणि सगळ्यात हुशारीची गोष्ट म्हणजे घरातलं मीठ फेकून द्यायचं आणि रक्तदाबवाल्यांसाठी मिळतं ते कमी सोडियमचं मीठ आणायचं.

त्या मिठात सोडियम कमी कसं होतं, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं? त्यातलं काही सोडियम क्लोराइड काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घालतात. पाकिटावर छापलेलं असतं. धडधाकट मूत्रपिंड असलेल्या माणसाला त्याचा उपयोगही होतो, नाही असं नाही. पण ज्याचं मूत्रपिंड पोटॅशियम बाहेर टाकायला कमी पडतंय, ज्याची गोळीही ते वाढवतेय, त्याच्या रसातही पोटॅशियम, मेव्यातही, डाळीतही, आणि वर आमटीत चमच्याने पोटॅशियम! मी ग्रुपवर लिहिलं की आधी डॉक्टरांना विचारा. काकांचं उत्तर आलं, "अरे, नैसर्गिक आहे सगळं. नैसर्गिक गोष्टीने कधी काही होतं का?" त्याला अकरा अंगठे आले. वहिनीचाही एक होता.

मग दादाचे पाय गळून गेले. जिना चढवेना. काका म्हणाले, शरीरातली घाण बाहेर पडतेय, तीन दिवस कळ काढ. म्हणजे शरीराची घाण बाहेर टाकणारा जो अवयव, तोच बुडवायला निघाले होते हे! वहिनीला काय वाटलं कुणास ठाऊक, तिने ऐकलं नाही आणि त्याला दवाखान्यात नेलं. ईसीजी बघून तिथले डॉक्टर एकदम घाईने बोलायला लागले. वाढलेल्या पोटॅशियमपासून हृदय सांभाळायला कॅल्शियमचं इंजेक्शन, पोटॅशियम रक्तातून पेशींत ढकलायला इन्सुलिन आणि सोबत ग्लुकोज. रात्रभर मॉनिटर. ग्रुपवर काकांचा मेसेज: "दादाने तक्ता नीट पाळला नसेल."

नीट पाळला होता, काका. तेच तर झालं.

घरी आल्यावर दादा अखेर आहारतज्ज्ञांकडे गेला. त्या बाईंनी रिपोर्ट पाहिले, गोळ्यांची यादी पाहिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मीठ कोणतं वापरता?" पहिलाच! ज्या गोष्टीने माणूस आयसीयूत गेला ती त्यांच्या यादीत सगळ्यात वर होती. मग कोणत्या भाज्या कमी करायच्या, कोणत्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यायचं, प्रथिनं किती, फळं कोणती चालतील, हे सगळं दादाच्या आवडीनिवडी विचारून लिहून दिलं. तक्ता त्याचा एकट्याचा.

हां, तर मार्गदर्शन चालू होतं. पुढचा सल्ला असा की... नाही, राहू दे.

कधी जायचं, कधी जायचं, काय विचारता? मूत्रपिंडाचा, यकृताचा, हृदयाचा आजार कळला की जा. मधुमेह कळला की त्याच महिन्यात जा, आणि इन्सुलिनवर असताना कुणाच्या सांगण्यावरून जेवण बंद करू नका, साखर ७० च्या खाली गेली तर तुम्हाला उचलायला काका येणार नाहीत. रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं वॉरफरिन चालू असताना एकाएकी पालेभाज्यांचा सपाटा लावू नका, त्यातलं के जीवनसत्त्व औषधाचा परिणाम कमी करतं. बाळाचं वजन वाढत नसेल, म्हाताऱ्या आईला गिळताना ठसका लागत असेल, आतड्याची शस्त्रक्रिया झाली असेल, कॅन्सरच्या उपचारांत अन्नावरची वासना उडाली असेल, तर डॉक्टरांना सांगा आणि आहारतज्ज्ञांचं नाव मागून घ्या. मुलगी जेवणाची ताटं टाळतेय, पाळी थांबली आहे आणि तरी स्वतःला जाडी म्हणतेय, तर तिला तक्ता नका देऊ, आधी डॉक्टरकडे न्या. तिथे मनाचा डॉक्टरही लागतो, आणि उशीर जिवावर बेततो.

आणि ज्यांना तक्ते पाठवायची हौस आहे त्यांना हात जोडून नाही, बोट दाखवून सांगतो: बंद करा. तुमचं वजन उतरलं, चांगलं झालं, स्वतःपाशी ठेवा. समोरच्याचं मूत्रपिंड किती काम करतं ते सांगणारं क्रिएटिनिन किती आहे हे तुम्हाला माहीत नाही. त्याच्या गोळ्यांची नावं माहीत नाहीत. मग सल्ला कशाच्या जोरावर देता? आणि अंगठे दाखवणाऱ्यांनो, तुम्हीही तेवढेच जबाबदार आहात.

जाताना सगळे रिपोर्ट न्या. गोळ्यांच्या पट्ट्याच न्या, पावडरी आणि काढ्यांसकट. तीन दिवसांत जे खाल्लं ते खरं लिहून न्या, रात्री फ्रिज उघडून उभ्याउभ्या खाल्लेलंही. पाटीवरच्या नावामागे पदवी कोणती आहे ते बघा. कित्येक ठिकाणी न्यूट्रिशनिस्ट अशी पाटी लावायला कुणालाच कुणी अडवत नाही. आणि रिपोर्ट न बघता समोरून पावडरचा डबा सरकवला गेला, तर उठा आणि दुसरीकडे जा.