टिटानियाचा हट्ट कशासाठी होता?

आपली प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि संहिता समोर ठेवून लिहिलेली आहे, त्यामुळे तिला तितक्याच सविस्तर उत्तर द्यायला हवे. शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मधील टिटानिया हे त्या नाटकातले सर्वांत गंभीर पात्र आहे, असे मी लेखात म्हटले होते. आपल्या मते हा अर्थ आजच्या स्त्रीवादाच्या चष्म्यातून काढलेला आहे. पऱ्यांची ही राणी म्हणजे नवऱ्याशी हट्टाने भांडणारी आणि त्याबद्दल गाढवाच्या प्रेमात पडण्याची गमतीदार शिक्षा भोगणारी प्रहसनातली बायको आहे, दुसऱ्या अंकातले तिचे पावसापाण्याचे भाषण निव्वळ काव्यविलास असून प्रयोगात ते कापले तरी काही बिघडत नाही, आणि शेवटी ती स्वतःच आनंदाने त्या नवऱ्याबरोबर, म्हणजे पऱ्यांचा राजा ओबेरॉन याच्याबरोबर नाचते, तेव्हा अन्यायाची भाषा कशासाठी, असे आपण विचारले आहे.

हट्ट कशासाठी होता, हे आधी पाहू. भांडण ज्या मुलावरून पेटले, तो हिंदुस्थानातल्या एका राजाकडून पळवून आणलेला आहे, असे ओबेरॉनचा सेवक पक सांगतो. टिटानिया त्याच प्रवेशात वेगळी हकिकत सांगते. त्या मुलाची आई तिची भक्त होती. मसाल्यांच्या वासाने भरलेल्या हिंदुस्थानी हवेत रात्री दोघी गप्पा मारत, समुद्राच्या पिवळ्या वाळूवर बसून व्यापाऱ्यांची गलबते निघताना पाहत, आणि वाऱ्याने पोट फुगलेली शिडे पाहून हसत. ती मैत्रीण तेव्हा गरोदर होती. त्या शिडांची नक्कल करत ती जमिनीवरूनच डुलत डुलत जाई आणि राणीसाठी बारीकसारीक वस्तू घेऊन, मालाने भरलेले गलबत सफरीवरून परतावे तशी परत येई. मग एका ओळीत टिटानिया सांगते की ती मर्त्य होती आणि त्या मुलाच्या जन्मातच गेली. तिच्यासाठी मी तिचे मूल वाढवते आहे आणि तिच्यासाठीच मी ते सोडणार नाही, हे टिटानियाचे उत्तर आहे. यात नवरा-बायकोच्या कुरबुरीचा मागमूसही नाही. ओबेरॉनला हे मूल आपल्या लव्याजम्यात हवे आहे आणि त्याहून खोल असे कोणतेही कारण तो अखेरपर्यंत देत नाही. दोन बाजूंना अशी असमान कारणे मी दिलेली नाहीत, ती १६०० साली छापल्या गेलेल्या पहिल्या प्रतीपासून तिथे आहेत.

आता पावसाचे भाषण. आपण त्याला काव्यविलास म्हणता, तेव्हा त्यातल्या वस्तूंकडे पुन्हा एकदा पाहावे, अशी विनंती आहे. नद्या काठ सोडून वाहत आहेत, बैलांनी जू ओढले ते वाया गेले आहे, नांगरणाऱ्याचा घाम फुकट गेला आहे, हिरवे धान्य कुसळ धरण्याआधीच कुजले आहे, बुडालेल्या शेतात मेंढवाडा रिकामा पडला आहे आणि रोगाने मेलेल्या मेंढरांवर कावळे पुष्ट झाले आहेत. नाटक साधारणपणे १५९५-९६चे मानले जाते, आणि इंग्लंडमध्ये १५९४ ते १५९७ या सलग वर्षांत अतिवृष्टीने पिके बुडाली, धान्य महागले आणि लोकांची उपासमार झाली. शेक्सपिअरने नेमके याच ओल्या उन्हाळ्यांकडे बोट दाखवले की नाही, यावर अभ्यासक वाद घालतात. पण त्या प्रेक्षकांत बसलेल्या माणसाला कुजलेल्या धान्याचे वर्णन अलंकार म्हणून ऐकू आले असेल, हे मला पटत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे भाषणाचा शेवट. या सगळ्या अरिष्टांचे आईबाप आपण दोघेच आहोत, असे टिटानिया म्हणते. स्वतःच्या भांडणाची किंमत शेतकरी मोजतो आहे, हे ती ओळखते आणि त्यात स्वतःलाही धरते. त्यावर ओबेरॉनचे उत्तर एवढेच की, मग तूच सुधार ना, ते तुझ्याच हातात आहे. ते भाषण कापले की हा फरक नाहीसा होतो आणि आपण म्हणता तशी भांडकुदळ बायको खरोखरच उरते. ती मात्र शेक्सपिअरने लिहिलेली नसते, कात्रीने घडवलेली असते.

ओबेरॉनने डोळ्यांवर जादूच्या फुलाचा रस पिळल्यामुळे टिटानिया गाढवावर भाळते, तो तिसऱ्या अंकातला प्रवेश हास्याचा आहे, हे मला पूर्णपणे मान्य आहे, आणि तो हास्याने कोसळला नाही तर प्रयोग फसला असेच मी म्हणेन. गाढवाचे डोके आलेला विणकर बॉटम रेकत गातो आणि राणी विचारते की मला फुलांच्या शय्येवरून कोणता देवदूत जागवतो आहे. पण ती इथेही बाहुली झालेली नाही. या वनाबाहेर जाण्याची इच्छाही धरू नकोस, तुझी मर्जी असो वा नसो, तू इथेच राहशील, असे ती बॉटमला बजावते, आणि प्रवेश संपताना त्याची जीभ बांधून त्याला मुकाट्याने घेऊन या, असा हुकूम सोडते. तिच्या प्रेमात सत्ता आहे, थोडी जबरदस्तीही आहे. टिटानिया निष्पाप बळी आहे, असे मी कुठेही म्हटलेले नाही. गंभीर पात्र निष्कलंक असायलाच हवे, असे थोडेच आहे?

माझा खरा आक्षेप चौथ्या अंकाला धरून आहे. ती मूल देते, तो क्षण रंगमंचावर येतच नाही. तो आपल्याला ओबेरॉनच्या तोंडून कळतो. बॉटमसाठी फुले शोधत फिरणारी टिटानिया त्याला वनात भेटली, त्याने तिची मनसोक्त टर उडवली, तिने सौम्य शब्दांत त्याची मनधरणी केली, तेव्हा त्याने मूल मागितले आणि तिने ते तत्काळ दिले. म्हणजे मृत मैत्रिणीसाठी नाकारलेली गोष्ट तिने शुद्धीवर असताना दिलेलीच नाही. मूल हाती आल्यावरच ओबेरॉन तिच्या डोळ्यांवरचा अंमल उतरवतो. जागी झाल्यावर ती दोनदा विचारते, एकदा हे कसे घडले म्हणून, आणि निघताना, मी या माणसांबरोबर जमिनीवर झोपलेली कशी सापडले, ते उडताना वाटेत सांग म्हणून. आपल्या देखत तिला याचे उत्तर मिळत नाही. मुलाबद्दल ती त्यानंतर एक अक्षर बोलत नाही.

दिग्दर्शक निकोलस हाइटनर यांनी २०१९मध्ये लंडनच्या ब्रिज थिएटरमध्ये टिटानिया आणि ओबेरॉन यांच्या भूमिकांची अदलाबदल केली आणि बॉटमवर ओबेरॉनला भाळवले, हे उदाहरण देऊन आपण म्हणता की मूळ टिटानिया पोकळ आहे, म्हणूनच तिला असे वाचवावे लागते. त्या प्रयोगाचा आनंद मी कमी लेखत नाही. तरीही मला दिग्दर्शक पीटर ब्रुक यांच्या १९७०च्या प्रयोगाची वाट अधिक जवळची वाटते. तिथे टिटानिया आणि अथेन्सचा अधिपती थिसिअस याची वधू हिपोलिटा या दोन्ही भूमिका सारा केस्टलमन यांनी केल्या. त्यामुळे पाचव्या अंकात थिसिअस प्रेमिकांनी सांगितलेली वनातल्या त्या रात्रीची हकिकत कल्पनेचा खेळ म्हणून झटकून टाकतो आणि हिपोलिटा सांगते की इतक्या जणांची मने एकदमच पालटली, त्याअर्थी त्यात काहीतरी पक्के असले पाहिजे, तेव्हा ते वाक्य वनातून आलेल्या बाईच्या तोंडून ऐकू येते. त्यासाठी शेक्सपिअरची एकही ओळ दुसऱ्याला द्यावी लागत नाही.

राहता राहिला शेवटचा नाच. टिटानिया हातात हात घालून गाण्याचे म्हणते, हे खरेच आहे. मात्र त्या प्रवेशात तिच्या वाट्याला जेमतेम चार ओळी आहेत. प्रत्यक्ष आशीर्वाद ओबेरॉन देतो. नुकतीच लग्ने झालेली जोडपी एकनिष्ठ राहोत, त्यांच्या मुलांच्या अंगावर तीळ, व्रण, फाटलेला ओठ असे काहीही नसो, असे तो मागतो. ती मुले जन्माला घालणाऱ्या बायका बाळंतपणातून सुखरूप राहोत, असे तो मागत नाही. दुसऱ्या अंकातले ते दुसरे भाषण, गलबतांचे आणि गरोदर मैत्रिणीचे, प्रेक्षकाने ऐकले असेल तरच त्याला ही उणीव जाणवेल, आणि पावसाच्या भाषणाबरोबर पुष्कळदा तेही छाटले जाते.