म्हणे मुसलमान विझार्ड "घुसडलेला" आहे

एक पोस्ट या आठवड्यात तीन ग्रुपवरून माझ्याकडे आली. तिचं म्हणणं असं की मध्ययुगीन फँटसी रोलप्लेइंग गेममधे (जिथे प्रत्येक जण एक पात्र होऊन गोष्ट खेळतो) तो शहाणा मुसलमान पंडित-जादूगार हल्ली दिसतो ना, तो उगाच घुसडलेला आहे. का, तर मध्ययुग म्हणजे युरोप, दुसरं म्हणजे इस्लाममधे जादूच हराम, आणि वरून "आपल्या मातीशी याचा काय संबंध". आता मी भुसावळला दर रविवारी गेम चालवतो, डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा, मीच, आणि आमच्या पार्टीत, म्हणजे खेळणाऱ्यांच्या टोळीत, असंच एक हकीमाचं पात्र आहे, त्यामुळे गप्प बसवेना.

अरे भो, आधी विझार्ड म्हणजे कोण ते तर बघ. डंजन्स अँड ड्रॅगन्स या आमच्या गेममधे जादूगारांचे प्रकार असतात: सॉर्सररची जादू जन्मजात असते, वॉरलॉक कोणाशी तरी सौदा करून ती मिळवतो, आणि विझार्ड बिचारा अभ्यास करतो. पाचव्या एडिशनमधे नवा मंत्र वहीत उतरवायचा तर मंत्राच्या दर लेव्हलला २ तास आणि ५० सोन्याची नाणी जातात, आमचा हकीम कायम कडका असतो तो यामुळेच. म्हणजे विझार्ड हा पुस्तकी किडा. आणि बाराव्या शतकात युरोपातल्या पुस्तकी किड्याला हवी ती पुस्तकं कुठे होती? अरबीत. क्रेमोनाचा जेरार्ड टॉलेमीच्या खगोलशास्त्राच्या ग्रंथापायी इटली सोडून स्पेनमधल्या टोलेडोला गेला, तिथे अरबी शिकला आणि ११७५ मधे त्याचं लॅटिन भाषांतर पूर्ण केलं. मायकेल स्कॉट, ज्याला स्कॉटलंडच्या दंतकथा मोठा जादूगार म्हणतात आणि इटलीचा कवी दान्ते याने ज्याला जादूच्या पापापायी नरकात बसवलाय, तो खरा कोण? टोलेडोत अरबी ग्रंथ भाषांतर करणारा माणूस. पोप सिल्वेस्टर दुसरा गणितात हुशार निघाला, तर लोकांनी उठवलं की हा स्पेनच्या मुसलमानांकडून जादू शिकून आलाय. म्हणजे टोकदार टोपीवाला तुमचा विझार्ड ज्याच्याकडे शिकवणीला जात होता त्यालाच तुम्ही घुसडलेला म्हणताय!

आता हरामचं. हो, धर्मशास्त्राने जादूला वाईटच म्हटलंय, यात वादच नाही. पण चर्चने काय जादूला हार घातले होते का? तिथला विझार्ड चालतो, तेव्हा कोणी बायबल काढत नाही. आणि मनाई आहे म्हणून विषयच नव्हता असं थोडंच होतं, इतिहासकार इब्न खल्दूनने १३७७ च्या मुकद्दिमा या ग्रंथामधे जादू आणि तावीजांवर मोठं प्रकरण लिहिलंय, त्याच्या मते जादू खरी आहे पण निषिद्ध आहे. दहाव्या-अकराव्या शतकात स्पेनमधे अरबीत ग्रहांच्या तावीजांवर एक जाडजूड ग्रंथ झाला, घायत अल-हकीम, तो १२५६ च्या सुमारास कॅस्टिलच्या ख्रिस्ती राजाने, दहाव्या अल्फोन्सोने, स्पॅनिशमधे करून घेतला. उलट मला तर ही मनाई गेममधे सोन्यासारखी वाटते. आमचा हकीम दर वेळी म्हणतो, "मी जादू नाही करत, मी फक्त वाचलंय," आणि पुढच्याच मिनिटाला दार जळालेलं असतं.

आणि मातीचं म्हणाल तर आता या खान्देशात. भुसावळहून रेल्वेने तासाभरात बुऱ्हाणपूर, आज मध्य प्रदेशात असलं तरी खान्देशच्या फारुकी सुलतानांची राजधानी तीच. तिथल्या जामा मशिदीत अरबी लेखाच्या जोडीला संस्कृत शिलालेख आहे, शके १५११ चा, तिथी-नक्षत्रासकट. मशिदीत पंचांग! अकबराचा दरबारी कवी फैजी याने १५८७ मधे भास्कराचार्यांची लीलावती फारसीत नेली, आणि पुढे १५९१ मधे बादशहाचा दूत म्हणून तो याच बुऱ्हाणपूरला आला. आमच्या चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला होता, त्याचा शिलालेख आहे. मग सांगा, कोणाची माती?

पण खरी मजा बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याची, म्हणजे तिथल्या जुन्या पाणीयोजनेची. मुघल सरदार अब्दुर्रहीम खानखानानच्या काळात, १६१५ मधे, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी हेरलं, शंभरावर कुंड्या, म्हणजे विहिरी, खोदल्या, आतून बोगद्याने जोडल्या आणि नुसत्या उतारावर पाणी शहरात आणलं, ना मोट ना पंप. मी खाली उतरलोय, बाहेर मे महिन्याचं आपलं जळगावी ऊन आणि आत भिंतीला चुन्यासारखी पांढरी खपली आणि पायाशी गार पाणी वाहतंय. बाहेर आल्यावर तोच बोगदा मी गेममधे टाकला. पार्टी तहानेने मरायला टेकलेली, आणि हकीमने एकही मंत्र न म्हणता विचारलं, "डोंगर कोणत्या बाजूला आहे?" वीसबाजूचा फासा टाकला, १७ आले, म्हणजे जमलं.

एका बाबतीत मात्र पोस्टवाल्याचं मी मानतो, बरेच जण हे पात्र फार पुळचट लिहितात. पांढरी दाढी, गूढ वाक्यं, हिरोला अंगठी द्यायची आणि मरायचं. अरब शास्त्रज्ञ इब्न अल-हैथमबद्दल सांगतात की त्याने नाईल अडवून दाखवतो म्हणून कैरोला मोठा शब्द दिला, जाऊन बघितलं तर जमणार नाही, मग खलिफाच्या भीतीने वेड्याचं सोंग घेतलं. असा फुशारकी मारून फसलेला हकीम लिहा ना!

पोस्ट पाठवणारा मित्र पुढच्या रविवारी खेळायला येतोय, त्याला टोकदार टोपीवाला विझार्ड पाहिजे. दिला. त्याच्या पहिल्याच ग्रंथाची लिपी त्याला येत नाही, हकीमकडे शिकवणी लावावी लागेल, आणि फी ५० नाणी.