आधी नुसता ऐकून बघा

घरी योगासनं करण्यासाठी व्हिडिओ निवडताना त्याची लांबी आणि शिक्षकाचं नाव बघा, असं एका लेखात म्हटलंय. ठीक आहे, पण घरी करताना खरी पंचाईत मानेची होते. अधोमुख श्वानासनात, म्हणजे हात-पाय जमिनीवर टेकून कंबर वर उचलतो तेव्हा, डोकं दोन्ही दंडांच्या मध्ये खाली असतं. तिथून स्क्रीनकडे बघायला मान वर केली की आसनही मोडतं आणि मानही अवघडते. श्वास कधी घ्यायचा, कोणता पाय मागे न्यायचा, गुडघा टेकवायचा की नाही, हे नुसत्या आवाजावरून कळलं तरच तो व्हिडिओ कामाचा. मागे संगीत ढणढणत असेल तर सोडूनच द्या! आणि 'नवशिक्यांसाठी' म्हणत थेट शीर्षासनाला हात घालणारे, वर उच्च रक्तदाब असलेल्यांनी ते टाळावं हेही न सांगणारे व्हिडिओ मी तरी लगेच बंद करते.