भार नेमका कोणावर पडतो, तेही बघा

सुविधा हव्या असतील तर मुंबईकराने वाढीव कर भरलाच पाहिजे, असं एका लेखात म्हटलंय. तत्त्व मान्य. पण कांदिवलीत 80 लाखांचा वन बीएचके घेणाऱ्याचा हिशेब मांडून बघा. किमतीच्या 5 टक्के मुद्रांक शुल्क, वर आणखी 1 टक्का मेट्रोसाठीचा अधिभार, म्हणजे 4 लाख 80 हजार. शिवाय नोंदणीचे 30 हजार. बँक ही रक्कम सहसा कर्जात धरत नाही, ती रोख उभी करावी लागते. माझ्या धाकट्या भावाने पीएफ काढला, वहिनीच्या पाटल्या गहाण ठेवल्या. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर 1 टक्का सवलत आहे खरी, पण दोघांच्या पगारावर कर्ज काढणारे घरही दोघांच्या नावावर घेतात. मग सवलत गेली!

2020 मध्ये सप्टेंबर ते डिसेंबर हेच मुद्रांक शुल्क 5 वरून 2 टक्क्यांवर आणलं होतं. करोनाचे दिवस असूनही नोंदणीला झुंबड उडाली. घर विकलं गेलं की सुतार, रंगारी, टेम्पोवाला सगळ्यांच्या हाताला काम मिळतं, हे सरकारनेही तेव्हा पाहिलं.

500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ केला, ते उत्तमच झालं. दुकानगाळ्यांचं मात्र कोणी बोलत नाही. गाळ्याचा कर वाढला की मालक भाडं वाढवतो आणि वाणी ते किराण्यातून वसूल करतो. पहिल्या घराला तरी मेट्रो अधिभारातून सूट द्या, एवढीच मागणी आहे.